घर सोडून शिकायला आलात? आधी आठवडा सावरा

जून-जुलै म्हणजे मराठवाड्यात पेरणीचे दिवस. घरातला होता नव्हता तो पैसा बी-खतात गेलेला असतो आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात कॉलेजची फी, खोलीचं डिपॉझिट आणि मेसचा ॲडव्हान्स समोर येतो. ऑक्टोबरात सोयाबीन काढायला माणूस मिळत नाही, तेव्हा परीक्षेचे फॉर्म निघालेले असतात. ज्यांचे आईवडील ऊसतोडीला जातात त्यांच्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागतं ते उन्हाळ्यापर्यंत. सुट्टी लागली तरी जायचं कुठे, हा प्रश्न असतोच. आणि उन्हाळी परीक्षा येते ती पारा ४२ अंशांवर असताना. शेतीचं वर्ष आणि कॉलेजचं वर्ष यांचा मेळ आपल्याकडे कधी बसलाच नाही. त्या दोन्हींच्या मध्ये अठरा-एकोणीस वर्षांचं लेकरू पत्र्याच्या खोलीत अभ्यास करत बसलेलं असतं.

मग ऑगस्टात ते येऊन म्हणतं, "सर, मन लागत नाही." शिकवण्याच्या निमित्ताने अशा मुलामुलींशी बोलताना मी पहिला प्रश्न मनाबद्दल विचारत नाही. काल रात्री किती वाजता झोपलास, सकाळी काय खाल्लंस, कुणाचे पैसे देणं आहे का, घरी शेवटचं कधी बोललास, असं विचारतो. बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या उत्तरात गाठ सापडते. नाही सापडली तर दवाखाना आहे आणि तिथे जायला लाजायचं कारण नाही. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे: आधी आपल्या हातात असलेलं, मग दुसऱ्याची मदत लागणारं.

पायरी १ : सात दिवसांची वही

दोनशे पानी वही नको, दहा रुपयांची पुरते. रोज रात्री पाच ओळी लिहायच्या: झोपलो-उठलो ती वेळ, दिवसभरात काय खाल्लं, पाणी साधारण किती प्यालो, पैसे कशावर गेले, आणि कुणाशी मनातलं बोललो का. "आज उदास वाटलं" वगैरे लिहायचं असेल तर लिहा, पण ते सक्तीचं नाही. या पाच ओळी मात्र चुकवायच्या नाहीत.

आठव्या दिवशी वही उघडून एकच गोष्ट शोधायची: वाईट गेलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून रात्री वडापाव आणि चहा, मग दोनपर्यंत मोबाईल आणि सोमवारी तीन तास पाठोपाठ प्रॅक्टिकल. सोमवार "बेकार" का जातो ते इथे कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम सुधारायला निघालेला माणूस बुधवारपर्यंत टिकतो.

अपडाऊन करणाऱ्यांनी आणखी एक ओळ वाढवायची: प्रवासात गेलेला वेळ. सहाच्या एसटीसाठी पाचला उठणारी, न खाता निघणारी आणि संध्याकाळी सातला घरी पोहोचून स्वयंपाकाला लागणारी मुलगी "अभ्यासात मागे" का पडते, याचं उत्तर तिच्या बुद्धीत शोधू नका.

पायरी २ : झोप

इथे मी जरा हट्टी आहे. अठरा ते पंचवीस या वयात सात ते नऊ तास झोप लागते. लातूरच्या ट्यूशनच्या गल्ल्यांत, संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, नांदेडात रात्री उशिरापर्यंत उघड्या अभ्यासिकांमध्ये एक खोटा मान रुजला आहे: कोण किती वाजेपर्यंत बसला. सकाळी अकराला तोच मुलगा वर्गात पेंगतो, ते कुणी मोजत नाही. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होतं ते मुख्यतः झोपेत. चार तास झोपून बारा तास वाचणारा भांड्याला भोक ठेवून पाणी भरतो आहे.

काय करायचं:

उठण्याची वेळ ठरवा, झोपण्याची नव्हे. साडेपाच म्हणजे साडेपाच, रविवारीसुद्धा फार तर तासाभराची सूट. उठण्याची वेळ पक्की झाली की आठ-दहा दिवसांत रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकत येते. दोनला झोपायची सवय असेल तर एकदम दहाला आडवं होऊन उपयोग नाही, नुसती कूस बदलत पडाल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा.

चहा दुपारी चारनंतर बंद. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला टपरीवर घेतलेला कडक चहा पहाटे तीनलाही अर्धा शिल्लक असतो. एनर्जी ड्रिंकचे कॅन तर मुळीच नकोत. रात्रीच्या अभ्यासिकेखालची चहाची टपरी चालते ती आपल्या झोपेवर.

पत्र्याच्या खोलीत मार्च ते जूनमध्ये रात्री अकरापर्यंत भट्टी असते. मालकाची हरकत नसेल तर गच्चीवर झोपा, मच्छरदाणी लावून. ते जमत नसेल तर संध्याकाळी पत्र्यावर पाणी मारणं, खिडकीला ओलं गोणपाट लावणं, आणि अभ्यासाचे दोन तास रात्रीचे काढून पहाटेला नेणं. उन्हाळ्यात पहाटेचे चार तास दुपारच्या सातांना भारी पडतात. दुपारी झोपायचं तर वीस-पंचवीस मिनिटं, गजर लावून.

पायरी ३ : ताट

मेसच्या जेवणाबद्दल तक्रार सगळेच करतात, हिशेब कुणी करत नाही. तो असा: प्रौढ माणसाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या मुलीला ४५ ग्रॅमच्या आसपास. आता मेसचं ताट बघा. मैदा मिसळलेल्या चार पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, आणि ज्यात डाळ शोधावी लागते असं वरण. पोट भरतं, पण प्रथिनांचा हिशेब बसत नाही. दोन तासांनी पुन्हा भूक, मग खारी, बिस्कीट, पोहे.

यावर उपाय महाग नाहीत, कारण तो माल आपल्याच शिवारात पिकतो. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, शेंगदाण्यात सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तेवढ्याच फुटाण्यांत सहा. एका अंड्यात सहा. ज्वारीच्या एका भाकरीत पाच-सहा. घरून येताना लाडूंचा डबा आणण्यापेक्षा दोन किलो भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, जवसाची किंवा कारळाची चटणी आणि ज्वारीचं पीठ आणा. रूमवर शेगडी असेल तर मटकी भिजत घालायला इंजिनियरिंगची पदवी लागत नाही.

एसटीने डबा पाठवण्याची आपल्याकडची पद्धत मला आजही थोर वाटते. सकाळच्या गाडीत कंडक्टरच्या ओळखीने डबा चढतो आणि लेकरू स्टँडवर उभं राहून उतरवून घेतं. पण दोन गोष्टी पाळा. उन्हाळ्यात चार तासांच्या प्रवासात पातळ भाजी आंबते. डब्यात कोरडं द्यायला सांगा: धपाटे, भाकरी-झुणका, ठेचा, चटणी. आणि डबा आणायला जाण्यात दीड तास मोडत असेल तर आठवड्यातून दोनदाच मागवा. माय रोज पाठवते म्हणून रोज घ्यायलाच हवा असं नाही. तिला तसं सांगितलेलं चालतं.

मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, मुलांसाठी ही मर्यादा १३. धाप लागणं, केस गळणं, पाय ओढल्यासारखे वाटणं, वाचताना लक्ष न टिकणं हे सगळं "टेन्शन" म्हणून खपवलं जातं आणि खरं कारण रक्तात असतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. त्या चहासोबत घेऊ नका, चहाने लोह शोषलं जात नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाचा रंग काळा होतो, घाबरायचं नाही. माळकरी घरातल्या, अंडी-मांस न खाणाऱ्यांनी बी-१२ सुद्धा एकदा बघावं. हातापायाला मुंग्या, सततचा थकवा, उदासपणा यांच्यामागे ते असू शकतं. दूध-दही रोज असेल तर बराच फरक पडतो. थायरॉईडही त्याच रक्तात तपासून होतं.

उपवासाबद्दल फार बोलत नाही, श्रद्धेचा विषय आहे. पण सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे सगळे धरणारी मुलगी महिन्यातून दहा-बारा दिवस साबुदाण्यावर काढते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. उपवास धरायचाच तर शेंगदाणे, दूध, राजगिरा, भगर यांवर धरा.

पायरी ४ : पाणी, संडास आणि डास

संभाजीनगरात नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे आपण पाणी साठवतो, आणि साठवलेलं पाणी दोन दुखणी आणतं.

पहिलं डेंग्यू. त्याचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून आठवड्यातून एकदा ड्रम, टाकी, कूलर पूर्ण रिकामं करून आतून घासायचं. नुसतं उपसून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. खोलीतल्या चौघांनी वार वाटून घ्या. हा डास दिवसा चावतो. संध्याकाळी कासव छाप लावून समाधान मानू नका. ताप आला तर पॅरासिटामॉलपलीकडे दुकानातून वेदनाशामक घेऊ नका, रक्त तपासा.

दुसरं म्हणजे पोट. जारचं पाणी थंड असतं, शुद्ध असेलच असं नाही. शंका आली तर उकळा. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मेडिकलमधली ओआरएसची पुडी मिळाली तर आणखी चांगलं.

आता जे कुणी लिहीत नाही ते. कॉलेजचे, क्लासचे, अभ्यासिकेचे मुलींचे संडास घाण असतात किंवा कुलूपबंद असतात, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. परिणाम म्हणजे लघवीला जळजळ, पोटात दुखणं, ताप आणि पाळीच्या दिवसांत गैरहजेरी. याला "जास्त पाणी प्या" हा सल्ला निरुपयोगी आहे. उपाय असा: चार-पाच जणींनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, त्यावर आवक क्रमांक घ्या, एक प्रत महिला तक्रार समितीला द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, आवक क्रमांक पडलेला कागद सहसा विसरता येत नाही. क्लास खासगी असेल तर फीचा पुढचा हप्ता देताना हा विषय काढा, तेव्हा ऐकतात. जळजळ दोन दिवसांत गेली नाही किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे, मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्यांवर नाही.

मुतखड्यासाठी सगळे बोअरच्या जड पाण्याला दोष देतात. पाणी कमी पिणं हे त्याहून मोठं कारण आहे.

पायरी ५ : पैसा

मनाच्या आरोग्यावरचे लेख याला हात लावत नाहीत, आणि माझ्या मते आपल्याकडे मनावरचा सगळ्यात मोठा भार हाच असतो. बापाने सावकाराकडून आणलेले पैसे आपण पोह्यावर खर्च करतो आहोत ही बोच घास घशाखाली उतरू देत नाही. ती बोच सद्गुण आहे असं समजू नका. तिच्यामुळे मुलं फी भरायची राहिल्याचं लपवतात, हॉल तिकीट अडकलं की मग कळतं.

घरच्यांशी जूनमध्येच बसून कागदावर वर्ष मांडा: फी, खोली, मेस, एसटी, पुस्तकं, दवाखाना. समोर घरात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते लिहा: सोयाबीन, कापूस, तूर, दूध, उचल (ऊसतोडीची आगाऊ मजुरी). ज्या महिन्यात खड्डा पडतो तो आधीच दिसला पाहिजे. मग कॉलेजात हप्त्यांसाठी अर्ज, खोलीमालकाला "नोव्हेंबरात दोन महिन्यांचं एकदम देतो" असं आधी सांगणं. आधी सांगितलेली अडचण आणि नंतर दिलेली सबब यांत मालकही फरक करतो.

शिष्यवृत्त्यांसाठी सरकारचं महाडीबीटी पोर्टल आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आणि त्या बदलतात, म्हणून चालू वर्षाचा शासन निर्णय वाचा किंवा कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाला विचारा. अर्ज बाद होतो तो बहुधा तीन कारणांनी: उत्पन्नाचा दाखला जुना, आधार बँकेला जोडलेलं नाही, किंवा कॉलेजच्या लॉगिनमध्ये अर्ज पडून राहिला. तिसऱ्यासाठी दर पंधरा दिवसांनी कार्यालयात डोकवा. त्यात लाज कसली.

एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात निघतो. मुलींना पासाशिवायही २०२३ पासून एसटीच्या तिकिटात अर्धी सवलत आहे. आमच्याकडच्या दोन्ही विद्यापीठांत, संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या, कमवा आणि शिका योजना आहे. त्यात जायला कमीपणा वाटत असेल तर तो खुशाल बाजूला ठेवा.

आणि आता धोक्याचं. पैशांची चणचण असलेल्या मुलाच्या मोबाईलवर दोन दारं उघडतात: पैसे लावायचे गेम आणि झटपट कर्जाचे ॲप. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने देशभर बंदी आली आहे, तरी टेलिग्रामच्या लिंकांवर ते चालूच आहेत. कर्जाचा ॲप तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो घेतो आणि हप्ता चुकला की बदनामीच्या धमक्या देतो. अडकला असाल तर आणखी पैसे भरून सुटका होत नाही. स्क्रीनशॉट ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा, आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा. मामा, चुलता, थोरली बहीण, जे कुणी आधी ऐकेल आणि मग रागावेल ते. मुलीला कुणी फोटोवरून धमकावत असेल तरी हेच करायचं.

पायरी ६ : अंग हलवणं

यात फार सांगण्यासारखं नाही. रोज अर्धा तास भरभर चालणं, आठवड्यातून दोनदा जोर-बैठका. जिमची फी वाचवा.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी मात्र दोन शब्द. पहाटे अंधारात हायवेच्या कडेने कानात हेडफोन घालून पळू नका. मैदान शोधा, नसेल तर वाहनं समोरून येताना दिसतील अशा बाजूने पळा आणि उजळ रंगाचं बनियन घाला. १६०० मीटरसाठी रोज १६०० मीटर जीव तोडून पळणं हे चुकीचं आहे. आठवड्यातले दोन दिवस जोरात, बाकीचे निवांत, एक दिवस आराम. नडगी दुखायला लागली तर थांबा. पळून ती बरी होत नाही. आणि भाकरी खाऊन मग जिममधली पावडर विकत घ्यायचा विचार करा.

तंबाखू, गुटख्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे. रूमवरच्या थोरल्या मुलांच्या पुडीतून सुरू होतो आणि "जागायला बरं पडतं" या सबबीवर टिकतो. सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे.

पायरी ७ : माणसं

फोनवर "बरा आहे" म्हणून ठेवून देणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे. घरच्यांना काळजी नको म्हणून मुलगा लपवतो, मुलाला काळजी नको म्हणून आई बापाचं दुखणं लपवते, आणि दोघंही रात्री जागे. आठवड्यातून एक फोन ठरवून, निवांत, वीस मिनिटांचा करा आणि त्यात एक तरी खरी अडचण सांगा. छोटीच सांगा: "मेस आवडेना", "इंग्रजीतून शिकवतात, कळत नाही". छोटं सांगायची सवय असली तर मोठं सांगता येतं. आईवडील कारखान्यावर कोप्यात, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, असतील तर रात्री कामावरून परतल्यावरची वेळ ठरवून घ्या.

दहावी-बारावीला गावात पहिली आलेली मुलगी इथे येऊन साठ टक्क्यांवर उतरते आणि खचते. वर्गातल्या निम्म्यांची कहाणी तीच असते, फक्त कुणी बोलत नाही. पहिल्या सत्रात इंग्रजी शब्दांची स्वतःची वही करा, प्राध्यापकांना तास संपल्यावर मराठीत विचारा. विषय राहिला तर राहिला. एटीकेटी घेऊन पुढे गेलेले लोक आज तहसीलदार आहेत.

जात विचारून खोली नाकारणं, बोलीवरून हसणं, आडनावावरून टोमणे हे होतं. त्याला "मनावर घेऊ नको" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ ही देशपातळीवरची हेल्पलाइन आहे, महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. जातीवरून अपमान झाला तर समान संधी कक्षाकडे लेखी द्या. मुलींना त्रास झाला तर कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीत ११२.

आणि "यंदा परीक्षा झाली की लग्न उरकू" हा घरचा निरोप. तो आला की मुलीचं वाचनच थांबतं. एकटीने बापाशी वाद घालून सहसा जमत नाही. बाप ज्याचं ऐकतो असा माणूस शोधा: शाळेतले गुरुजी, शिकलेली आत्या, बँकेतला मामा. मागणीही नेमकी करा. "लग्नच नको" यापेक्षा "पदवीची ही दोन वर्षं पुरी होऊ द्या, मग बोलू" यावर तडजोड लवकर होते.

पायरी ८ : आता दवाखाना

वरचं सगळं सावरूनही दोन आठवडे सतत उदास वाटतं, कशातच रस उरत नाही, झोप किंवा भूक पार बिघडते, छातीत धडधडून घाबरं होतं, रडू आवरत नाही, जगणं नको वाटतं, यांतलं काही असेल तर आणखी वाट पाहू नका. जगणं नको वाटण्याच्या बाबतीत तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी.

पहिला फोन टेलि-मानस, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हाच नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६.

समोरासमोर जायचं तर संभाजीनगरात घाटी रुग्णालय, अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेडात विष्णुपुरीचं शासकीय रुग्णालय, लातुरात विलासराव देशमुख संस्था, इथे मनोविकार विभाग आहेत. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा कक्ष विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, खिडकीवर "मानसोपचार" एवढंच सांगा. आत डॉक्टर झोप, भूक, घर, अभ्यास, जुने आजार विचारतील. ती सात दिवसांची वही सोबत न्या, निम्मं काम तिथेच होतं. अठरा वर्षं पूर्ण असतील तर आईवडिलांना न आणताही जाता येतं, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. गोळ्या दिल्या तर फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

आधी देवाला, दर्ग्याला, बाबाकडे जायचं असेल तर घरचे नेतीलच. जा. पण दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

कॉलेजात समुपदेशक नसेल तर मागा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी, क्लासेसनीही, प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे आणि हेल्पलाइनचे नंबर वसतिगृहात, वर्गांत ठळकपणे लावायचे आहेत. तुमच्या क्लासच्या भिंतीवर टॉपर्सचे फोटो असतील. त्यांच्या शेजारी हा नंबर आहे का बघा.

पायरी ९ : रूममेट बिघडला तर

तो बोलेनासा झाला, मेसला यायचा बंद झाला, आवडीच्या वस्तू वाटायला लागला, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं म्हणू लागला, तर सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का तुला?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" आलं तर उपदेश नको, "आईबापाचं बघ" तर मुळीच नको. तो त्यांचंच बघून खचलेला असतो. ऐका. एकटं सोडू नका. रेक्टरला, सरांना किंवा त्याच्या भावाला कळवा. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका आणि दिलं असेल तर मोडा. गावी पाठवणार असाल तर घरच्यांना फवारणीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायला सांगा, आणि सोबत कुणीतरी जा.

पोलिसांची भीती घालणारे भेटतील. २०१७ च्या कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम आहे. म्हणून दवाखान्यात नेताना काही लपवू नका, डॉक्टरांना खरं सांगा.

पहिल्या भेटीला सगळे सोबत जातात. दुसऱ्या तारखेला गर्दी, प्रॅक्टिकल, "आता बरं वाटतंय" अशी कारणं निघतात आणि उपचार तिथेच सुटतो. म्हणून केसपेपर त्याच्याकडे नव्हे, तुमच्याकडे ठेवा, पुढची तारीख खोलीच्या कॅलेंडरवर लिहा, आणि त्या सकाळी त्याच्याआधी तयार होऊन बसा.